चिंचोके सांगतील तिथं

नलू,

काल तुझं तेरावं झालं. पंगती उठल्या, पाहुणे चिखलीच्या एसटीनं गेले, आणि तुझा दादा ओसरीत तुझ्या रिकाम्या बाजेकडे पाठ करून बसला. मी आत जाऊन फडताळातला तुझा बिस्किटांचा जुना डबा काढला. चिंचोक्यांचा. उगाच हलवून पाहिला, तर तो वाजला. मग मला जे रडू आलं ते आलंच बाई. तेरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या बायांच्या गळ्यात पडून रडले होते, पण ते रडणं वेगळं होतं.

श्रद्धांजलीची भाषणं पण झाली काल. एक जण म्हणाला, देऊळघाटच्या लेकीनं समुद्राचा तळ गाठला. दुसऱ्यानं तुला माशांची डॉक्टर करून टाकलं. तिसरा तर म्हणाला की ताईंनी समुद्रात काकडीची शेती यशस्वी करून दाखवली. नलू, मला त्या गर्दीत हसू फुटलं, पदर तोंडावर धरावा लागला. बायांना वाटलं मास्तरीणबाईंना हुंदका आला. तू असतीस तर तिथंच उभी राहिली असतीस. "काकडी नाही हो काका, जनावर आहे ते. अन् शेती नाही करत मी, मोजते."

मला पण बोला म्हणत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं, चार शब्द बोलायला मला जड नव्हतं. पण बोलले असते तर खरं बोलावं लागलं असतं, आणि ते आधी तुला सांगायचं होतं. मे महिन्यापासून तू या बाजेवर होतीस. रोज सांगायचं ठरवत होते आणि रोज लिंबू-पाणी करायला उठून जात होते.

तर आता ऐक.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तू आठवीत होतीस. दोन वेण्या, गुडघे कायम खरचटलेले, आणि तोंड सतत चालू. आठ दिवसांत मला कळलं की ही पोरगी दुपारी घरात नसते. पांदणीच्या वावरातल्या विहिरीत असते. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून तू तिथं पोहायला शिकलीस, आणि मी नवी नवरी, काठावर राखण करत बसायचे. घरी यावं तर तुझे केस ओले. सासूबाई विचारायच्या, "पोरगी पुन्हा विहिरीत काऊन उतरली वं?" मी सांगायचे, दोर पडला होता, तो काढायले उतरली. पाचव्या-सहाव्या वेळेला सासूबाई म्हणाल्या, "त्या दोराले पाय फुटले का? रोज बरा विहिरीत जाते!" त्यांना सगळं ठाऊक होतं. पण मी खोटं बोलून तुला वाचवते हे त्यांना मनातून आवडायचं, असं मला आता वाटतं. तुझ्यासाठी खोटं बोलायची सवय मला तेव्हापासूनची, नलू. हे सबब म्हणून सांगत नाही. पण ते तसं आहे.

मग लोणारची सहल. माझ्या शाळेची सहल आणि तू शेपटासारखी मागं. सगळी पोरं सरोवर बघत होती, आणि तू खाली जाऊन बोट बुडवून चाटलंस. मी ओरडले. तू तोंड वाकडं करून म्हणालीस, "खारं नाही वैनी, साबणासारखं लागते!" त्या दिवशी तू मला परतीच्या रस्त्यात विचारत होतीस की समुद्र कसा लागत असेल. मी काय सांगू? मी तरी कुठं पाहिला होता.

तू समुद्राचं शिकायला गेलीस तेव्हा गावानं काय काय म्हटलं ते तुला खरंच माहीत नव्हतं की तू तसं दाखवत होतीस, देव जाणे. "आपल्या नळाले आठ दिवसाआड पाणी, अन् ही समुद्र शिकून राह्यली!" धाडच्या बाजारात माझ्यासमोर एक बाई असं बोलली. मी तिला तिथंच म्हटलं, "मग तुमच्या पोरीले शिकवा नळाचं." तुझा दादा दोन दिवस हसत होता.

पण समुद्रकाकडी म्हणजे नेमकं काय, हे मला समजलं ते तू माझ्या शाळेत आलीस तेव्हा. तिला हात लावायलाही कायद्यानं बंदी, मग पोरांना दाखवायचं काय? तू दादाचा जुना मोजा घेतलास, त्याचा पंजा कात्रीनं कापलास, आणि एका तोंडातून वाळू भरत दुसऱ्या तोंडातून सांडायला लागलीस. "हे पाहा. हिले डोळे नाहीत, मेंदू नाही. समुद्राच्या तळाशी पडून राहते. पोवळ्याचे खडक असतात ना, त्यांच्या पायथ्याची वाळू ही खाते, वाळूतला गाळ पचवते, अन् मागून धुतल्यासारखी वाळू सोडते. दिवसभर हेच." मग तू ते वाक्य टाकलंस, की ही ढुंगणानं श्वास घेते. झालं! वर्ग फुटला. हेडमास्तर खोकायला लागले. मागच्या बाकावरचा एक पोट्टा उठला आणि म्हणाला, "बाई, मंग ते पादते कुठून?" तू अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "रस्ता एकच आहे बाबू, पाळीपाळीनं वापरते." आज ती पोरं बापे झाली. तू गेलीस त्या दिवशी त्यातला एक खांदा द्यायला आला होता. रडत रडत मला म्हणाला, "बाई, मोजा आठवते."

त्या संध्याकाळी मी भाकरी थापता थापता म्हटलं, "म्हणजे ते आपलं गांडूळच झालं की नलू. माती खाते अन् चांगली माती सोडते." तू पाटावरून उठून उभीच राहिलीस. हातातलं ताट तसंच. "वैनी, हे तू म्हणलीस हां! ध्यानात ठेव, तू म्हणलीस!" आणि तिथून सगळं सुरू झालं. तू काम करायचीस ती समुद्रातली बेटं तिकडे, आपलं वावर इकडे. तिथं पोवळ्याच्या पायथ्याशी चौकट ठेवून तू काकड्या मोजायचीस, इथं सोयाबीनच्या ओळीत बसेल एवढी लहान चौकट ठेवून आपण दोघी गांडुळं मोजायची. म्हणजे गांडुळं कुठं दिसतात, त्यांनी रात्रीतून वर आणून टाकलेल्या मातीच्या गोळ्यांच्या ढिगुल्या मोजायच्या. दोन्ही एकत्र करून तू मराठीत पुस्तक लिहिणार होतीस, आणि त्यातला शेवटचा भाग देऊळघाटचा. माझ्या चुलीपुढच्या एका वाक्यावर तू पुस्तकाचा शेवट उभा केलास. असा मान मला कोणी कधी दिला नाही.

दरवर्षी तू महालक्ष्म्यांना माहेरी यायचीस. तीन दिवस आंबील, पुरण, सोळा भाज्या. चौथ्या दिवशी सकाळी आपण चौकट खांद्यावर टाकून पांदणीच्या वावरात. पहिल्या वर्षी मी आपली चांगली जागा पाहून चौकट ठेवायला गेले, तर तू हात धरलास. "आपण निवडायचं नाही वैनी. आपण निवडलं की आपला जीव बरं बरंच निवडते." मग तू माझ्याकडून शाळेतले चिंचोके मागून घेतलेस, एक ते तीस आकडे घातलेस. दोन चिंचोके काढायचे. पहिला सांगेल तेवढी पावलं धुऱ्यानं, बांधाबांधानं चालायची, दुसरा सांगेल तेवढी आत. तिथं चौकट ठेवायची आणि हलवायची नाही. तिथं खडक येवो, काटा येवो, काही येवो. अशा दहा जागा.

आणि काहीच नसेल तर शून्य लिहायचं. यावर तू फार कडक. मी एकदा म्हटलं, "काही नाहीच तर लिहायचं काय? सोडून दे ना ती ओळ." तू म्हणालीस, "सोडलेली ओळ म्हणजे आपण गेलोच नाही. शून्य म्हणजे गेलो, बसलो, पाह्यलं, अन् नव्हतं. हे येगळं अन् ते येगळं." तुझ्या बेटांवर बोटी येऊन चोरून काकड्या उचलून नेत, वाळवून परदेशात विकत. जिथून त्या गेल्या तिथली वाळू वरून शेवाळ धरते, म्हणायचीस. तिथं तू तासन्‌तास पाण्याखाली शून्य लिहून आलीस. घरी आलीस की तुझ्या बोटांना खाऱ्या पाण्याच्या भेगा असायच्या, आणि मी त्यांना खोबरेल तेल लावायचे.

आता आपलं भांडण.

ते तणनाशकाचं. तुला वाटायचं मी फवारा मारायच्या बाजूची होते. अगं, मी कशाच्या बाजूची? निंदायला, तण काढायला बाया भेटत नव्हत्या. ज्या भेटायच्या त्या चिखलीच्या जीपमध्ये बसून दुसरीकडे जायच्या. तुझ्या दादाची कंबर गेलेली, माझी शाळा. मी ठरवलं, मारा फवारा. तू फोनवर केवढी तडकलीस! माती मरते, गांडुळं जातात, बोटीवाल्यांत अन् तुमच्यात काय फरक, असं म्हणालीस. मग मी पण सोडलं नाही. "तिथं पाण्यात बसून आमच्या वावराले मार्क देऊ नको. ये अन् निंद!" आणि तू आलीस, नलू. खरंच आलीस. एक दिवस सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ओळीत बसलीस. रात्री हाताला फोड, पाठ सरळ होईना. मला वाटलं मी जिंकले. तुला वाटलं तू जिंकलीस. भांडण तिथंच राहिलं, आणि फवारा चालू राहिला.

त्यानंतरची तीन वर्षं तुला महालक्ष्म्यांना येता आलं नाही. एका वर्षी बोट मिळाली म्हणून, नंतर दोन वर्षं दवाखाना. तू फोन केलास, "वैनी, मोजशील?" मी म्हटलं, "हाव, त्यात काय." छाती अशी फुगली माझी! शाळेतल्या मास्तरणीला शास्त्रज्ञ नणंदेनं काम सांगितलं होतं.

पहिल्या वर्षी चिंचोके बरोबर काढले. पावलं बरोबर टाकली. पोचले तर तिथं जमीन टकलासारखी साफ. एक ढिगुली नाही. दुसऱ्या जागी पण तेच. हातभर पलीकडे धुऱ्याच्या सावलीत थोड्या होत्या. मी इकडेतिकडे पाहिलं. बाई गं, त्या वावरात कोण बघणार होतं मला? एक बगळा होता. मी पायानं चौकट सरकवली. हातभरच.

दुसऱ्या वर्षी पण सरकवली.

तिसऱ्या वर्षी तर गुडघे दुखत होते, चिखल होता, आणि लाज पण मेलेली. मी उकिरड्याजवळ, जिथं शेणकचरा कुजून गांडुळं नुसती बुजबुजतात, तिथंच सगळ्या चौकटी ठेवल्या. चिंचोक्यांचे आकडे घरी येऊन मनानं लिहिले.

माझे वडील चिखलीच्या मार्केटात मापारी होते, तुला माहीत आहे. मी लहानपणापासून पाहिलं की तुरीचा ढीग कसा लावतात. खाली खडा-कचरा, वरून चाळलेला माल, आणि वानगीची मूठ वरच्या मालातून. वडील वजन करण्याआधी कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि तळाची मूठ काढून सगळ्यांसमोर दाखवायचे. अशा माणसाची लेक मी. मला हे करताना कळत नव्हतं असं नाही. पण तू आधी तिकडे समुद्रात, मग आजारी, फोनवर तुझा आवाज थकलेला, आणि विचारायचीस की "किती आली वैनी?" त्या आवाजाला शून्य कसं सांगायचं? आणि खरं सांगू का, फवारा माझ्या सांगण्यावरून मारला होता. वावरातलं प्रत्येक शून्य माझ्या अंगावर येत होतं. तुला बरं वाटावं म्हणून अर्धं, आणि भांडणात हरू नये म्हणून अर्धं, असं ते झालं.

त्याच तिसऱ्या वर्षी दिवाळीला तू आलीस. बारीक झालेली, डोक्याला रुमाल. आल्या आल्या वही मागितलीस. चहा प्यायचा सोडून पानं उलटलीस, मग उठलीस आणि एकटी वावरात गेलीस. तासाभरानं परत आलीस. मी अंगणात पणत्या धुत होते.

"वैनी, सोळा अन् बावीस, हे चिंचोके निघाले होते?"

"हाव."

"सोळा पावलं धुऱ्यानं, बावीस आत?"

"हाव म्हणलं ना."

"तिथं विहीर हाये वैनी."

मी धुतलेली पणती पुन्हा धुवायला घेतली.

"विहिरीत उतरून मोजली का गांडुळं? पाठीले डबा बांधून?"

एखाद्या दुसऱ्या दिवशी आपण दोघी यावर पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी तू हसली नाहीस. "तू मले वानगी दाखोली वैनी," एवढंच म्हणालीस. मला शिव्या दिल्या असत्यास तरी परवडलं असतं. मी उलट तुझ्यावरच ओरडले. काय मोठी चोरी केली, चार गांडुळं इकडची तिकडे, कोणाचं काय गेलं. तू म्हणालीस, "मोजणं गेलं." मग लाल पेन घेऊन ते पूर्ण वर्ष तू आडव्या रेघेनं खोडलंस. आणि पेन तसंच हातात धरून मला विचारलंस:

"मागचे दोन वर्षं?"

नलू, तुझा चेहरा मला आजपण दिसतो. तू त्या पेनाचं टोपण लावायला आतुर होतीस. तुला दुसरं-तिसरं काही ऐकायचंच नव्हतं.

"ते बरोबर हायेत," मी म्हटलं.

तू टोपण लावलंस. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेलीस, फराळाचा डबा ओट्यावर तसाच. पुढं संक्रांतीपर्यंत फोन नाही. संक्रांतीला तूच केलास, म्हणालीस तिळगुळ घे वैनी, आणि आपण दोघी रडलो, पण त्या दोन वर्षांचं कोणी काढलं नाही.

मग या मे महिन्यात तू कायमचीच आलीस. ओसरीतली बाज, उशाशी पाण्याचा तांब्या, आणि समोर रस्ता. किती दिवसांनी आपल्याला इतका वेळ भेटला! तू मला बेटांवरच्या गोष्टी सांगायचीस. समुद्रकाकडी फार घाबरली की आपली आतडी बाहेर टाकून देते आणि पुढं हळूहळू नवी तयार करते, हे तू पोट दाबून सांगितलंस आणि म्हणालीस, "आपल्याले हे जमलं असतं तर डॉक्टरची गरज नव्हती." मी रागावले. तू हसलीस. शेवटी शेवटी मी तुझ्या वेण्या घालायचे, जेवढे केस परत आले होते तेवढ्यांच्या. बोटाएवढ्या दोन वेण्या. तू आरसा मागायचीस आणि म्हणायचीस, "आठवी ब."

पोळ्याच्या आधी एका दुपारी तू डोळे मिटूनच म्हणालीस, "यंदा चिंचोके काढशील ना वैनी?"

"काढीन."

"अन् शून्य आलं तर?"

"शून्य लिहीन."

तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस. बराच वेळ. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. शब्द ओठावर होता गं. मी म्हटलं, "लिंबू-पाणी आणते," आणि उठले. पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी तू गेलीस. घरात सुतक, म्हणून यंदा महालक्ष्म्या बसल्याच नाहीत.

तुला त्या दुपारी काही माहीत होतं का? हे आता मला कोण सांगणार? मी स्वतःला दोन्ही बाजूंनी समजावून पाहिलं आणि दोन्ही बाजूंनी रात्र काढली.

परवा रझियाचा फोन आला. तुझी ती बेटावरची विद्यार्थिनी, जिला तू पोहायला नाही पण मराठी लिहायला-वाचायला शिकवलंस; बोलायला मात्र ती अजून लाजते. तिचं हिंदी आणि माझं हिंदी, तू असतीस तर हसून लोळली असतीस. ती आधी खूप रडली. मग म्हणाली, "भाभी, किताब मैं पूरी करूँगी. बस देऊळघाटवाली कॉपी भेज दो. दीदी बोलती थी, आख़िरी चैप्टर मेरे घर का है." त्या पुस्तकात तुझ्या सगळ्या समुद्राच्या मागं हे एवढंसं गाव, पांदणीचं वावर, आणि माझं ते चुलीपुढचं वाक्य.

मी वही उघडून बसले. तू खोडलेलं एक वर्ष, आणि त्याच्या वर दोन स्वच्छ, नीटनेटकी वर्षं. माझ्याच अक्षरात. तशीच पाठवली तर कोणालाही कळणार नाही. खोडली तर फवारा सुरू झाल्यापासूनची आपल्या वावराची एक ओळही खरी उरत नाही, आणि रझिया कदाचित म्हणेल की नुसत्या फवाऱ्याआधीच्या आकड्यांवर हा भाग छापता येत नाही. म्हणजे तुझ्या पुस्तकातून तुझं घर मीच काढून टाकायचं. तुझ्या दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पाठवून दे ना तशीच. कोणाले समजते? अन् तिचं नाव राहते." तो वाईट नाही नलू, तुला ठाऊक आहे. त्याला बहिणीचं पुस्तक पाहिजे.

मला पण पाहिजे. पण तू टोपण लावलंस ते माझ्या शब्दावर. तो शब्द खोटा होता, आणि त्यावर आता तुझं नाव छापून येणार.

म्हणून आज सकाळी मी लाल पेन घेतलं. शाळेतलं, पेपर तपासायचं. दोन्ही वर्षांवर आडवी रेघ मारली, तू मारली होतीस तशीच, आणि खाली लिहिलं: चौकट सरकवली होती. आणि माझं नाव, पूर्ण, सहीसकट. तेहतीस वर्षांत पोरांची इतकी पानं लाल केली, स्वतःचं पहिल्यांदा केलं. रझियाला फोन करून सांगितलं. तिनं सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "सोचती हूँ भाभी." तिला विचार करू दे. तिला जे बरोबर वाटेल ते ती करेल, तुझी विद्यार्थिनी आहे.

मग मी चिंचोक्यांचा डबा घेतला आणि चौकट काढली. तुझा दादा म्हणाला, "आज? काल तेरावं झालं अन् आज वावरात?" मी म्हटलं, "चौथ्या दिवशी जातो ना आपण. यंदा चौदाव्या दिवशी जाऊ." तो कंबर धरत मागं आला. सोयाबीन पिवळं पडायला लागलं आहे. विहिरीला कठड्यापासून दोन हात खाली पाणी आहे, तू असतीस तर उडी मारली असतीस. मारली नसतीस म्हणा, पण मारते म्हणाली असतीस.

डबा हलवला. डोळे मिटून दोन काढले. नऊ आणि चौदा. नऊ पावलं धुऱ्यानं, चौदा आत. दोनदा मोजली. चौकट ठेवली आणि गुडघ्यावर बसले. पानं बाजूला केली. माती कडक, गुळगुळीत, पापडी धरलेली. दादा फवाऱ्याच्या पंपात औषध-पाणी भरतो ती नेमकी हीच जागा. मी बोटानं चाचपून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

दादा मागं उभा होता. मान लांब करून त्याने पण पाहिलं, आणि मग अगदी हळू, माझ्याशी कधी बोलत नाही इतक्या मऊ आवाजात म्हणाला, "इकडं थोडी सरकव ना. धुऱ्याकडं हायेत दोन-चार. नलूले बरं वाटंल."

"चौकट हालवायची नाही," मी म्हटलं. ओरडलेच जवळजवळ. तो दचकला. मग रुमाल काढून पलीकडे तोंड करून उभा राहिला.

अजून नऊ जागा बाकी होत्या. वही मांडीवर घेतली, नवीन पान काढलं, पहिल्या ओळीत नऊ लिहिला, चौदा लिहिला, आणि त्यापुढे शून्य लिहिलं.

गेले नलू. बसले, पाह्यलं, अन् नव्हतं.